काट्याची ऐकीव साक्ष

जुन्या ट्रकच्या स्पीडोमीटरने रस्ता कधीच पाहिलेला नसतो. तो केबिनमध्ये काचेआड बसून असतो आणि वेगाविषयी त्याला जे काही कळते ते केबलकडून. केबलला ते पिनियनने सांगितलेले असते, पिनियनला गिअरबॉक्समधल्या शाफ्टने, शाफ्टला डिफरन्शियलने, डिफरन्शियलला मागच्या चाकांनी. रस्त्याशी प्रत्यक्ष गाठ पडते ती एकट्या टायरची. कोर्टात अशा साक्षीला ऐकीव म्हणतात आणि ती सहसा धरत नाहीत. ट्रकच्या बाबतीत मात्र मालक, ड्रायव्हर, डिझेलचा हिशेब लिहिणारा मुनीम आणि जुनी गाडी घ्यायला आलेले गिऱ्हाईक असे चौघे जण याच साक्षीवर व्यवहार करतात, कारण त्यांचा एकमेकांवर त्याहून कमी भरवसा असतो.

जुना ट्रक म्हणजे येथे १२१० किंवा १६१३ या आकड्यांनी ओळखला जाणारा, तोंड पुढे काढलेला टाटा. जर्मन कंपनीशी सहकार्य करून जमशेदपूरला १९५४ पासून ट्रक बनू लागले, त्या घराण्यातला. १२१० या नावात सारे आलेच: मालासकट वजन सुमारे बारा टन, इंजिन शंभर अश्वशक्तीच्या आसपास. सोळा टन आणि एकशेतीस अश्वशक्ती असेल तर १६१३. प्रत्यक्ष भरलेला माल या आकड्याचे ऐकत नसे, तो भाग वेगळा. अशा गाडीच्या तबकडीवर वेगाचे आकडे शंभराच्या पुढे छापलेले असतात. भरल्या गाडीने ते घाट उतरतानाच गाठावेत आणि गाठू नयेत, असे दोन्ही सल्ले जुने ड्रायव्हर देतात.

बातमी कशी प्रवास करते ते चाकापासून पाहावे. १०.००-२० मापाचा, म्हणजे बोलण्यातला ‘हजार-वीस’ टायर एका फेऱ्यात सव्वातीन मीटरच्या आसपास पुढे जातो. किलोमीटरला तीनशेहून थोडे अधिक फेरे झाले. डिफरन्शियल हे फेरे सहा-सात पटीने शाफ्टशी जोडते, म्हणून किलोमीटरभरात शाफ्ट दोन हजारांच्या आसपास फिरतो. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला याच शाफ्टवर स्क्रूसारखे आटे पाडलेले एक वर्म गिअर असते आणि त्याला आडवे भिडलेले एक लहानसे पिनियन. या जोडीत फेरे कमी होतात आणि मीटरला मानवतील इतके उरतात. मीटरला किती मानवतात तेही तबकडीच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलेले असते: किलोमीटरला केबलचे इतके फेरे. हा आकडा १००० असेल तर हिशेब सोपा. साठच्या वेगाने गाडी मिनिटाला एक किलोमीटर जाते, म्हणजे केबल मिनिटाला हजार फेरे घेते.

हा आकडा कोणी वाचत नाही. मीटर बिघडले की जुन्या बाजारातून दुसरे आणतात, भोकात बसते का एवढे पाहतात आणि बसवतात. ज्या मीटरला किलोमीटरला ७०० फेरे हवेत त्याला १००० मिळाले, तर गाडी चाळीसने चाललेली असताना काटा सत्तावन्न दाखवतो. इंजिनाला हात न लावता ट्रक पळता करण्याचा याहून स्वस्त उपाय अजून निघालेला नाही.

पिनियन गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला बसवण्यामागे विचार आहे. गिअर कोणताही असो, हे टोक चाकांशी कायम जोडलेले राहते. डिझेल वाचवण्यासाठी घाटउतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची एक वाईट खोड जुन्या ड्रायव्हरांत होती. कसाऱ्याच्या उतारावर इंजिन नुसते टकटक करत असताना काटा मात्र खरी चाल सांगत वर चढत जातो. ब्रेकचे ड्रम तापल्याचे सांगणारा काटा त्या डॅशबोर्डवर नसतो, ते नाकाला कळते.

चाकांशी इतकी निष्ठा असली की चाके चुकली तरी निष्ठा सुटत नाही. ऊस भरलेला ट्रक अवकाळी पावसात फडाच्या कडेला रुतला की हे उघड दिसते. एका बाजूची चाके काळ्या मातीत बसलेली, दुसऱ्या बाजूची घसरून गरगर फिरताहेत, मागे उभा असलेला क्लीनर डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने सारवला गेलेला, आणि केबिनमध्ये काटा शांतपणे वीस दाखवतोय. घसरणारे चाक चाळीसच्या वेगाने फिरतेय, रुतलेले शून्याने. डिफरन्शियल दोघांची सरासरी काढून शाफ्टला सांगते आणि शाफ्ट पुढे. ट्रॅक्टर येईपर्यंत मीटरवर शे-दोनशे मीटर जमाही होतात. गाडीने वीतभरही जागा सोडलेली नसते.

आता केबल. बाहेरून ती नळीसारखी दिसते, पण नळी नुसते घर आहे. आत पोलादी तारांचा एक दोर असतो, त्याला गॅरेजात ‘इनर’ म्हणतात. तारांचे थर एकावर एक, आणि प्रत्येक थराचा पीळ आधीच्याच्या उलटा. त्यामुळे तो वाकतो, पण पिळला जात नाही: एका टोकाला जितके फिरवाल तितकाच दुसऱ्या टोकाला फिरतो. निदान फिरावा. टोके चौकोनी ठोकलेली असतात, ती एकीकडे पिनियनच्या आणि दुसरीकडे मीटरच्या चौकोनी भोकात बसतात. कुठे खिळा नाही, वेल्डिंग नाही. चौकोन झिजून गोल झाला की गाडी चालत राहते आणि मीटर निवृत्त होते.

केबल सुकली की तिचा स्वभाव बदलतो. कमी वेगात इनर नळीला आतून चिकटतो, पिळत जातो, पीळ असह्य झाला की झटक्यात सुटतो. पुन्हा चिकटतो, पुन्हा सुटतो. काटा वीस आणि चाळीसच्या मध्ये कीर्तनकाराच्या हातासारखा डोलू लागतो. अशा वेळी ड्रायव्हर दोन्ही टोकांची सरासरी मनात धरतो आणि ती बऱ्यापैकी बरोबर निघते. सोबत डॅशबोर्डच्या मागून किर्र असा आवाज येतो. थंडीत ग्रीस घट्ट झाले की तो वाढतो आणि झोप उडवण्याचे काम फुकटात करतो.

उपाय म्हणजे इनर ओढून काढायचा, रॉकेलने किंवा डिझेलने पुसायचा आणि पातळसर ग्रीस लावून परत घालायचा. येथे हात सढळ असून चालत नाही. दोराच्या तारा मळसूत्रासारख्या असतात, त्यामुळे फिरताना ग्रीस हळूहळू वर चढते. जुन्या सर्व्हिस पुस्तकांत वरचे वीतभर टोक कोरडे ठेवा असे बजावलेले असते. मिस्त्री मात्र कंजूस म्हणवून घ्यायला तयार नसतो. दोन महिन्यांत ते ग्रीस मीटरच्या पोटात पोहोचते, हलके फिरणारे भाग चिकटून बसतात आणि काटा गाडी उभी केल्यावरही तीस दाखवत राहतो. गिअरबॉक्सकडचे ऑइल सील गेलेले असेल तर गिअर ऑइलसुद्धा याच वाटेने वर येऊन काचेच्या आत तेलाचा डाग उमटवते.

मीटरच्या पोटात जे घडते ते मात्र खरोखर देखणे आहे. १९०२ साली ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकाने त्याचे पेटंट घेतले आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षे जगभरच्या मोटारींनी ते वापरले. केबलच्या टोकाला एक चुंबक गोल फिरतो. त्याच्यावर, त्याला कुठेही न टेकता, अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी पालथी घातलेली असते. वाटीच्या दांडीवर काटा आणि दांडीला घड्याळातल्यासारखी केसाएवढी बारीक स्प्रिंग. चुंबक आणि वाटी यांच्यामध्ये फक्त हवा.

अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे स्वयंपाकघरातल्या पातेल्यावर कोणालाही पाहता येते. चुंबक हलू लागला की गोष्ट वेगळी. फिरत्या चुंबकामुळे वाटीच्या धातूत भोवऱ्यासारखे वीजप्रवाह उठतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकत्व तयार होते आणि ते आपल्या कारणालाच विरोध करते. विरोधाचा अर्थ येथे असा की चुंबक वाटीच्या पुढे पळतोय हे वाटीला खपत नाही आणि ती त्याच्या मागे फिरू पाहते. फ्रान्समध्ये आरागोने १८२४ च्या सुमारास फिरत्या तांब्याच्या तबकडीवर हा प्रकार पाहिला होता, आणि १८३१ मध्ये फॅरडेने त्यामागचे कारण शोधून काढले. ट्रकचा शोध तेव्हा लागायचा होता. घरी पाहायचे तर अ‍ॅल्युमिनियमची जाड नळी उभी धरून तीत एक दमदार चुंबक सोडावा. तो लिफ्टने उतरल्यासारखा सावकाश खाली येतो.

स्प्रिंग नसती तर वाटी चुंबकामागे फिरतच राहिली असती आणि काटा पंख्याचे पाते झाला असता. स्प्रिंग तिला मागे खेचते. चुंबकाची ओढ वेगाच्या प्रमाणात वाढते, स्प्रिंगची ओढ काटा किती वळला त्या प्रमाणात. दोघांची जिथे बरोबरी होते तिथे काटा थांबतो. दोन्ही प्रमाणे सरळ असल्यामुळे तबकडीवरचे आकडेही सारख्या अंतरावर बसतात. रस्त्याचा वेग, म्हणजे ज्याच्यावरून दंड होतो, अपघात होतात, पैजा लागतात, तो अखेर एका केसाएवढ्या स्प्रिंगच्या ताणाचा आकडा असतो.

या रचनेला उन्हाचा त्रास होतो. अ‍ॅल्युमिनियम तापले की विजेला त्याचा अडथळा अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो, आणि भोवरे तितके दुबळे होतात. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे पंधरा अंशांत बरोबर असलेले मीटर भुसावळच्या मे महिन्यात, डॅशबोर्डखाली पंचेचाळीस अंशांत, साठच्या जागी चोपन्नच्या आसपास दाखवील. तसे होऊ नये म्हणून चुंबकाजवळ निकेल आणि लोखंडाच्या खास मिश्रधातूची एक चकती बसवलेली असते. थंडीत ती चुंबकाचे थोडे बळ परस्पर वळवून घेते. उन्हात तिचेच चुंबकत्व ढिले पडते आणि वळवलेले बळ वाटीला परत मिळते. भ्रष्टाचाराचा हिशेब इतका चोख बसवलेले दुसरे यंत्र सापडणे कठीण.

रिव्हर्समध्ये चुंबक उलटा फिरतो, वाटी उलटी वळू पाहते आणि शून्याजवळच्या खिळीला काटा दाबून बसतो. मागे जाण्याला वेग असतो हे जुन्या ट्रकच्या मीटरला मान्य नाही.

काट्याखालच्या चौकटीतले किलोमीटर मोजणे हा धंदा वेगापेक्षा फार जुना आहे. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात अंतर मोजणाऱ्या गाडीचे वर्णन लिहून ठेवले आहे. चार फूट व्यासाचे चाक ४०० वेळा फिरले की एक रोमन मैल होई आणि एक खडा डब्यात पडे. मुक्कामी पोहोचल्यावर खडे मोजायचे. त्या काळी मीटर मागे फिरवायचे तर दोन खडे खिशात टाकणे पुरे.

ट्रकच्या मीटरमध्ये खड्यांच्या जागी आकड्यांची चाके आली. चुंबक फिरवणाऱ्या दांडीवरच बारीक वर्म गिअर असते. अशा दोन-तीन जोड्यांतून फेरे हजारपट कमी होतात आणि किलोमीटरच्या दहाव्या भागाचे चाक किलोमीटरला एकदा फिरते. प्रत्येक चाक पूर्ण फिरले की शेजारच्याला एक आकडा ढकलते, नऊनंतर शून्य, हातचा एक. ९९९९९ पाशी हे हातचे संपतात, पाचही चाके एकदम वळतात आणि ट्रक नव्याने जन्माला येतो. रोज अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे असे बारसे दर ४०० दिवसांनी होते. म्हणून जुन्या ट्रकच्या सौद्यात मीटरवर किती आहे हा प्रश्न गौण. मीटर किती वेळा फिरले, हे विचारायचे असते, आणि उत्तर देताना समोरचा कोणीकडे पाहतो तिकडे लक्ष ठेवायचे असते.

वाटी आणि आकड्यांची चाके एकाच दांडीवर अवलंबून असल्याने बिघाड ओळखणे सोपे पडते. काटा मेला पण किलोमीटर पडताहेत, तर केबल ठीक आहे, दोष मीटरमध्येच वाटी किंवा स्प्रिंगपाशी. दोन्ही मेले, तर केबल तुटली किंवा पिनियनचे दात गेले. केबलचे वरचे टोक सोडवून मागची चाके जॅकवर घेतात आणि गिअर टाकून हळूच फिरवतात. चौकोनी टोक फिरले तर मीटर दोषी, नाही तर खालचे कोणीतरी. पोलीस तपासात इतक्या लवकर निष्कर्ष निघत नाही.

टायर बदलला की साऱ्या साक्षीचा पाया हलतो. ‘नऊशे-वीस’ काढून ‘हजार-वीस’ टाकले तर प्रत्येक फेऱ्यात गाडी तीन-चार टक्के जास्त जाते, हे केबलला कोणी सांगत नाही. काटा साठ दाखवतो, गाडी बासष्टने जाते, आणि महिन्याचे किलोमीटर कमी भरतात. झिजलेल्या टायरचे याच्या उलट. नवा टायर गुळगुळीत होईपर्यंत त्रिज्येतले सेंटिमीटरभर रबर जाते, फेरे दोन टक्क्यांनी वाढतात, किलोमीटर जास्त पडतात. डिझेल तेवढेच, किलोमीटर जास्त, म्हणजे अ‍ॅव्हरेज सुधारले. गुळगुळीत टायरवर गाडी जास्त अ‍ॅव्हरेज देते हे ड्रायव्हरांचे ठाम मत मीटरच्या पुराव्याने सिद्ध होते आणि मालकाचा नवे टायर न घेण्याचा निर्णय शास्त्रीय ठरतो.

मीटर बनवणाऱ्यांना ही गडबड ठाऊक असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक ३९ क्रमांकाच्या नियमानुसार चाचणीत मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचे नाही. जास्त दाखवले तर चालते, दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटरपर्यंत. खरा वेग साठ असेल तर साठपासून सत्तरपर्यंत काहीही. त्यामुळे मीटर मुद्दामच किंचित पुढे बोलणारे बनवतात. घड्याळ पाच मिनिटे पुढे ठेवणाऱ्या घरात ही पद्धत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चालू स्थितीतला स्पीडोमीटर असणे बंधनकारक आहे. जुन्या ट्रकांत तो पासिंगच्या दिवशी चालू असे. आदल्या संध्याकाळी केबल यायची, तपासणी पार पडायची आणि पुढचे सहा-आठ महिने ती केबल आपल्या मरणाने मरायला मोकळी असायची. काही केबली मात्र मारल्या जात. वरचे नट अर्धे सैल केले की गाडी मधल्या मध्ये एखादे खासगी भाडे मारून येते आणि मीटरला पत्ता लागत नाही. परत आल्यावर दोन बोटांनी नट आवळायचे. त्या नटावर पकडीचे ओरखडे किती आहेत, यावरून अनुभवी मालक ड्रायव्हरची पारख करत.

मीटर मेलेल्या गाडीत वेग कळतच नाही असे मात्र नाही. गिअर आणि इंजिनाचा सूर मिळून बराचसा सांगतात. खात्री करायची तर रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आणि मनगटावरचे घड्याळ पुरते: दोन दगडांमधले सेकंद मोजायचे आणि त्यांनी ३६०० ला भागायचे. साठ सेकंद लागले तर साठ, नव्वद लागले तर चाळीस. हा भागाकार स्टिअरिंग धरून तोंडी करणारे लोक हौद्यामागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहून हिंडत, आणि त्यांचे उत्तर मीटरपेक्षा अचूक असे.

पुढे केबल गेली आणि सेन्सर आला. सुरुवातीला तो केबलचे नट बसे त्याच आट्यांवर बसला, फिरवणारे पिनियनही तेच. बातमी तेवढी आता फिरत जाण्याऐवजी तारेतून ठोक्यांच्या रूपाने वर जाऊ लागली. सेन्सरचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात चुंबकाभोवती तारेचे वेटोळे असते. समोरून लोखंडी दात गेला की चुंबकत्व हलते आणि वेटोळ्यात वीज उठते, पुन्हा फॅरडेच्याच कृपेने. याला दोनच तारा लागतात आणि बाहेरची वीज लागत नाही. पण वेग कमी झाला की त्याची वीजही रोडावते आणि माणसाच्या चालीपेक्षा हळू चाललेली गाडी त्याच्या मते उभी असते. शिवाय टोकाला चुंबक असल्याने गिअरबॉक्समधला लोखंडाचा कीस तो गोळा करत बसतो. दुसरा प्रकार एडविन हॉलने १८७९ मध्ये दाखवलेल्या परिणामावर चालतो. त्याला तीन तारा आणि बाहेरची वीज लागते, बदल्यात तो गाडी थांबेपर्यंत एकाच ताकदीचे ठोके देतो.

ठोके मोजून वेग काढण्याचे काम डॅशबोर्डमागचे सर्किट करते आणि काटा एक लहानशी मोटर फिरवते. टायरचे माप आता एक आकडा म्हणून त्यात भरायचे असते. तो आकडा कोणी भरत नाही. केबल तुटली की फक्त काटा पडे, बाकी गाडीला काही सोयरसुतक नसे. सेन्सरची तार उंदराने कुरतडली तर वेगमर्यादकापासून इंजिनाच्या संगणकापर्यंत सगळे चक्रावतात आणि काही गाड्या वेग घ्यायला नकार देतात. रस्ता मात्र सेन्सरनेही पाहिलेला नाही. चिखलात रुतलेल्या गाडीचे किलोमीटर तोही पूर्वीसारखेच मोजतो.

केबल असो वा सेन्सर, बदलायला दहा मिनिटे पुरतात. त्याआधीचा अर्धा तास ते कुठे बसवले आहे हे दिसण्यासाठी गिअरबॉक्सवरचा चिखल खरवडण्यात जातो.